आज फिट आली, आणि बरं झालं

आज दिवसभर आम्ही धाकट्याला फिट यायची वाट बघत बसलो होतो. आई एरवी ती येऊ नये म्हणून देवाला साकडं घालते! गोळ्या डॉक्टरांनीच कमी केलेल्या, डोक्याला ईईजीच्या (मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या) तारा, समोर कॅमेरा.

मिरगीच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना औषधं पुरत नाहीत, हा त्यातलाच. ऑपरेशन करायचं तर फिट मेंदूत नेमकी कुठून सुटते ते आधी कळायला हवं. एमआरआयमध्ये काहीच दिसलं नाही. पेट स्कॅनमध्ये डाव्या टेम्पोरल लोबचा (कानाजवळच्या मेंदूच्या भागाचा) एक तुकडा साखर कमी वापरताना दिसला, पण तेवढ्यावर सर्जन हात घालत नाहीत.

म्हणून स्पेक्ट, म्हणजे मेंदूत रक्त कुठे जास्त जातं ते दाखवणारा स्कॅन. फिट सुरू होताच, शक्यतो 30 सेकंदांच्या आत, टेक्निशियमचं किरणोत्सर्गी औषध शिरेत द्यायचं. त्या क्षणी जिथे रक्त जास्त धावतं तिथे ते जाऊन चिकटतं, त्यामुळे फोटो नंतर सावकाश काढता येतो. उशीर झाला तर फिट पसरते आणि भलतीच जागा उजळते. सिस्टर दुपारभर सिरिंज तयार ठेवून पलंगाशीच. बडोद्याच्या या उकाड्यात मला तर खुर्चीतच डुलकी लागत होती.

संध्याकाळी आली. आई रडता रडता विचारत होती, "बेन, टाइमसर गयुं ने?" गेलं.

आता फिट नसतानाचा दुसरा स्पेक्ट. दोन्हींतला फरक काढून एमआरआयवर बसवतील. दांडिया बाजारातून काकू-मावश्यांचे फोन चालूच आहेत, प्रत्येकीला "फिट आली, छान झालं" कसं समजावू? म्हणून इथेच लिहिलं.