पॉलिटिक्स का घेतलं, ते एकदा नीट सांगते

गेल्या महिन्यात पुन्हा एक फोन आला. लंडनजवळच्या आमच्या स्लाउमधल्याच एक काकू. त्यांची मुलगी यंदा इयर इलेव्हनला आहे, आपल्या दहावीसारखं; त्यानंतरची दोन वर्षं ए लेव्हलची, अकरावी-बारावीसारखी. "अगं, ती म्हणतेय ए लेव्हलला पॉलिटिक्स घ्यायचंय. तू घेतलं होतंस ना? का घेतलंस गं? आणि त्याचा पुढे उपयोग काय झाला?" गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, एकदा तर एका बारशाला मला हेच विचारलं गेलंय. दर वेळी मी "आवड होती" म्हणून सुटते. ते खोटं नाही, पण तेवढंच खरं नाही. तुम्ही इतक्या वेळा विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

आधी तुमच्या मनातली शंका. २०१५ साली बाबांनी ऑफिसातून एक यादी छापून आणली होती, रसेल ग्रुप या इथल्या नावाजलेल्या विद्यापीठांच्या गटात प्रवेशासाठी कोणते विषय जास्त उपयोगी पडतात त्याची. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्लिश लिटरेचर, इतिहास, भूगोल, भाषा. पॉलिटिक्सचं नाव त्यात नव्हतं. ती यादी फ्रिजवर लावलेली असायची आणि मी दूध काढायला गेले की डोळ्यांसमोर यायची. रसेल ग्रुपनंच ती २०१९ मध्ये मागे घेतली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ती अजून आहे, हे मला तुमच्या प्रश्नांवरून कळतं. कृपा करून काढून टाका. पॉलिटिक्स घेऊन माझं काही अडलं नाही. विद्यापीठात प्रवेश मिळाला, आज एका कौन्सिलच्या हाउसिंग विभागात काम करते आणि ते काम मला आवडतं.

आता खरं कारण. मी नाशिकहून आले तेव्हा चौदा वर्षांची होते. नागरिकशास्त्र आम्हाला इतिहासाच्या जोडीला असायचं, आणि त्यात एक गोष्ट पक्की शिकवलेली असायची: संविधान सर्वांत वर. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे ए लेव्हलच्या वर्गाच्या, पहिल्या दोन आठवड्यांत मी केमिस्ट्रीच्या वर्गात बसत होते. एक दिवस मैत्रिणीसोबत सहज पॉलिटिक्सच्या तासाला गेले. सर सांगत होते की या देशाचं संविधान एका पुस्तकात सापडणार नाही. काही कायद्यांत आहे, काही न्यायालयांच्या निकालांत, काही नुसत्या प्रथांमध्ये. आणि पार्लमेंट कोणताही कायदा करू शकते, कोणताही मोडू शकते, फक्त पुढच्या पार्लमेंटचे हात बांधू शकत नाही. डायसी नावाच्या माणसानं हे १८८५ मध्ये लिहून ठेवलंय.

मी हात वर केला. म्हटलं, आमच्याकडे असं चालत नाही. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावू शकत नाही. सर थांबले आणि म्हणाले, "पुढे ये आणि सगळ्यांना सांग." दोन वर्षं त्या शाळेत मी 'इंग्लिश नीट न बोलणारी मुलगी' होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला जे येत होतं ते कुणाला तरी हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी केमिस्ट्री सोडली. इतकंच कारण आहे. ते कुणाला पुरेसं वाटत नाही, म्हणून मी सांगत नाही.

परीक्षेची पद्धत मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा एका प्रश्नाचे तीन तुकडे असायचे: पाच मार्कांचा, दहाचा आणि पंचवीसचा. पंचवीसचा बहुतेक वेळा 'कितपत' असा असायचा. पार्लमेंट कितपत सार्वभौम आहे? पंतप्रधानांवर मंत्रिमंडळाचा वचक कितपत राहिलाय? एक बाजू लिहा, दुसरी लिहा, मग तोला. मला ते फार जमायचं. कोणतीही बाजू द्या, मी वीस मिनिटांत उभी करत असे. मला तेव्हा वाटायचं की हीच विद्या आहे. अजूनही बऱ्याच दिवशी वाटतं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते.

जून २०१६. ए.एस.च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, परीक्षा संपल्या होत्या आणि पुढच्या वर्षाचे तास सुरू झाले होते. २३ तारखेला सार्वमत होतं: ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं. वर्गात आमच्यापैकी कुणालाच मत नव्हतं. आम्ही सोळा-सतरा वर्षांचे. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनी मत दिलं होतं. आमच्या वेळीही पार्लमेंटच्या वरच्या सभागृहानं, लॉर्ड्सनी, तसा बदल सुचवला होता; खालच्या सभागृहानं, कॉमन्सनं, तो फेटाळला. सरांनी ठरवलं, निदान वाद तरी घालू. शुक्रवारी, १७ जूनला. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मला आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला 'लीव्ह' आलं, म्हणजे बाहेर पडण्याची बाजू.

ती पोलिश. २००४ मध्ये पोलंड युरोपियन युनियनमध्ये आलं, त्याच्या पुढच्याच वर्षी तिचे आईवडील इथे आले. अकरा वर्षं टॅक्स भरत होते. त्यांना या सार्वमतात मत नव्हतं. आणि माझे बाबा, येऊन तीन वर्षं झालेले, वर्क व्हिसावर, निळा भारतीय पासपोर्ट खिशात. त्यांना मत होतं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. आईलाही होतं. पॉलिटिक्सच्या वर्गात हे शिकताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो होतो. तिनं चिठ्ठी उघडली आणि हसली. म्हणाली, "उलट बाजूनं विचार करायला मिळेल. चल, जिंकू."

आम्ही लायब्ररीत तीन दिवस बसलो. भाषणाची पाच कार्डं केली. सगळ्यात चांगलं कार्ड तिचं होतं. लेबर पक्षाचे नेते टोनी बेन सत्ताधाऱ्यांना पाच प्रश्न विचारायचे, ते सरांनी आम्हाला दिले होते: तुमच्याकडे कोणती सत्ता आहे, ती कुठून मिळाली, कुणाच्या हितासाठी वापरता, कुणाला उत्तर देता आणि तुम्हाला आम्ही घालवू कसं शकतो. तिनं शेवटचा प्रश्न निवडला आणि त्यावर संपूर्ण कार्ड बांधलं. तिच्या टपोऱ्या अक्षरात, हिरव्या शाईत.

बुधवारी रात्री मी ते भाषण घरी म्हणून पाहिलं. स्वयंपाकघरात आई पोळ्या करत होती, बाबा टेबलाशी. बाबांना 'लीव्ह'वाल्यांचं एक म्हणणं आधीपासून टोचत होतं. त्याच वर्षी आमचे व्हिसा रिन्यू झाले होते, आणि नवीन हेल्थ सरचार्ज डोई वर्षाला २०० पौंड भरावा लागला होता. "आपण सगळे कागद द्यायचे, पैसे भरायचे, आणि युरोपातले लोक नुसते विमानात बसून येतात," असं ते म्हणायचे. पण मत कुणाला द्यायचं ते त्यांचं ठरलेलं नव्हतं. ऑफिसात सगळे 'रिमेन', म्हणजे राहू या, म्हणत होते, तेही बहुधा तसंच करणार होते. मी पाचही कार्डं म्हटली. तिचं शेवटी म्हटलं. ज्याला तुम्ही घालवू शकत नाही, त्याला तुमचा कायदा करू देऊ नका. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मात्र खरं आहे गं."

मी त्यांना सांगितलं होतं की ही चिठ्ठीत आलेली बाजू आहे. मला तसं स्पष्ट आठवतं. बाबांना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, खासदार जो कॉक्स यांचा भररस्त्यात खून झाला. प्रचार थांबला. सरांनी शुक्रवारचा वाद रद्द केला. तो पुन्हा झालाच नाही. म्हणजे ते भाषण जगात एकदाच झालं. आमच्या स्वयंपाकघरात. आणि ऐकणाऱ्या दोघांनाही मत होतं.

२३ तारखेला आई-बाबा संध्याकाळी जवळच्या शाळेत मत देऊन आले. बोटाला शाई नाही, ओळखपत्र विचारलं नाही, पेन्सिलीनं फुली मारायची, याचंच दोघांना नवल. सकाळी मी खाली आले तेव्हा टीव्हीवर निकाल लागला होता, ५१.९ टक्के 'लीव्ह', ४८.१ 'रिमेन'. बाबांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तुझं ऐकून दिलं हो मत. चांगलं बोललीस त्या दिवशी." त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मी दहावीला असते आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले असते तर असतं, तसं. आईला विचारलं, तू कुणाला दिलंस? ती म्हणाली, "गुप्त मतदान असतं ना?" तिनं आजवर सांगितलेलं नाही.

शाळेत पोचले तेव्हा पंतप्रधान कॅमेरन यांनी राजीनाम्याची घोषणा केली होती. सरांनी धडा उघडला नाही. मैत्रीण माझ्या शेजारी येऊन बसली. तिची आई एका केअर होममध्ये रात्रपाळी करायची. ती सकाळी घरी आली आणि कोट न काढता जिन्यावर बसून राहिली, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "आपलं भाषण झालं नाही ते बरंच झालं."

मी काही बोलले नाही. तिच्या हिरव्या शाईचं कार्ड माझ्या बॅगेत होतं.

मी यावर स्वतःशी खूप भांडले आहे. सतरा वर्षांची मी म्हणते: मी काय चूक केली? बाजू मांडणं वेगळं, बाजू घेणं वेगळं. वकील रोज हेच करतात. बाबा मोठे होते, त्यांची स्वतःची कारणं होती. आणि फरक साडेबारा लाखांहून जास्त मतांचा होता, नेमका सांगायचा तर १२,६९,५०१. स्लाउमध्येच ५४ टक्के 'लीव्ह' झालं. एका मतानं काय बदललं? हे सगळं बरोबर आहे. मग आजची मी तिला सांगते की दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले होते, हे तूच वर्गात अभिमानानं सांगितलंस. मत मोजताना एकेक मोजायचं आणि जबाबदारी घेताना लाखांच्या मागे लपायचं, असं कसं चालेल? त्यावर ती म्हणते, मग काय, खराब भाषण करायला हवं होतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि खरं सांगू? तो मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही. ज्यांना घालवता येत नाही त्यांच्या हातात सत्ता नसावी, हे मी मानते. फक्त तो प्रश्न मैत्रिणीच्या आईनं कुणाला विचारायचा होता? तिच्याबद्दल निर्णय घेणाऱ्यांत माझे बाबा होते, आणि तिला त्यांना घालवता येत नव्हतं. हे सहावं कार्ड आम्हाला तेव्हा सुचलं नाही. दोघींनाही नाही, आणि तिला तरी सुचायला हवं होतं, असं मला कधीकधी रागानं वाटतं. मग त्या रागाची लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी मी विषय सोडला नाही. सोडावा असं एकदाही वाटलं नाही, हेही सांगायलाच हवं. मिलर खटल्याचा निकाल जानेवारी २०१७ मध्ये लागला, आठ विरुद्ध तीन: सरकारला पार्लमेंटला विचारल्याशिवाय बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही. पुस्तकात छापलं होतं की २०११ च्या कायद्यानं निवडणुकीची तारीख ठरवण्याची ताकद पंतप्रधानांच्या हातून गेली. एप्रिलमध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी निवडणूक जाहीर केली, दुसऱ्या दिवशी कॉमन्सनं ५२२ विरुद्ध १३ मतांनी होकार दिला, आणि आम्ही पुस्तकातल्या त्या परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. वर्तमानपत्र आणि पाठ्यपुस्तक एकाच टेबलावर उघडं ठेवायला लावणारा दुसरा विषय मला माहीत नाही.

मैत्रिणीचे आईवडील २०१८ मध्ये परत गेले. ती सांगते, आजी आजारी होती म्हणून. ते खरं असेल. ती इथेच आहे, आम्ही भेटतो. मी तिला बाबांबद्दल सांगितलेलं नाही. बाबांना मध्यंतरी विचारलं, पुन्हा तसंच कराल का? म्हणाले, "तेव्हा पटलं होतं. आता वेगळं वाटतं, पण तेव्हा पटलं होतं." आम्ही सगळे आता ब्रिटिश नागरिक आहोत. २०२५ च्या जुलैत सरकारनं मतदानाचं वय सोळा करणार असं जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं, निदान त्या मुलांना आपलं भाषण दुसऱ्याच्या हातानं पेटीत टाकावं लागणार नाही. मग वाटलं, मला मत असतं तर मी 'रिमेन'ला दिलं असतं, आणि भाषण तरीही तेच केलं असतं.

तर काकू, तिला घेऊ दे. का, ते वर लिहिलंय. त्यातून काय घ्यायचं ते तुम्ही आणि ती ठरवा. तिनं माझ्या नोट्स मागितल्या होत्या. रविवारी दोन्ही फाइली तिला नेऊन दिल्या, पार्लमेंटची आणि न्यायव्यवस्थेची. पाच कार्डं त्यातून काढून घेतली.