श्वास सोडण्याकडे लक्ष द्या

पहाटे अजिंक्यताऱ्याची चढण चढताना धाप लागली, की बहुतेक सातारकर थांबतात आणि छाती फुगवून मोठमोठे श्वास आत ओढू लागतात. श्वास म्हणजे आत घेण्याची गोष्ट, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की तो सोडायचा कसा, याचा विचार फारसा कोणी करत नाही. माझ्या मते मात्र खरी गोम तिथेच आहे.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, कारण मेंदूपासून हृदयापर्यंत गेलेल्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम उच्छ्वासाच्या वेळी अधिक आवळला जातो. विश्रांतीच्या वेळी मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. ४ सेकंद नाकाने श्वास घेऊन ६ सेकंदांत तो सावकाश सोडला, तर हीच संख्या ६ वर येते आणि शरीर सैलावू लागते.

आमच्या शेजारच्या काकूंना रक्तदाबाचा त्रास आहे. मंडईतून परतताना त्या पिशवी बाजूला ठेवून कट्ट्यावर टेकतात, एक तळहात बेंबीच्या वर ठेवतात आणि श्वास घेऊ लागतात. सुरुवातीला त्यांचे खांदेच वर जात असत. "काकू, खांदे नकोत, हात पुढे यायला हवा," असे मी म्हणत राहिले, आणि हळूहळू त्यांचा हात श्वासासोबत वरखाली होऊ लागला. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, खाली सरकले की पोट पुढे येते. योग्य श्वासाची एवढी खूण घरच्या घरी पुरेशी आहे.

याला हसण्याची जोड द्यावी. मोठ्याने हसण्याची गरज नाही. ओठ मिटलेले ठेवून कोपरे वर न्यावेत आणि डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडू द्याव्यात. मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, हे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच मांडले होते. मुद्दाम आणलेल्या हसण्याने मन खरोखर प्रसन्न होते का, यावर संशोधकांत बरीच वर्षे वाद होता. २०२२ मध्ये १९ देशांतील सुमारे ३,९०० लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हसरा चेहरा ठेवल्याने आनंदाची भावना थोडी वाढते, असे त्यात आढळले. परिणाम लहान आहे, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी खर्च काहीच नाही, आणि हसताना आवळलेला जबडा आपोआप सैल पडतो, हा मला वाटणारा त्याहून मोठा लाभ आहे.

रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखून धरू नये आणि कपालभातीसारखे जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावेत. चक्कर आल्यासारखे वाटले, तर मोजणे सोडून नेहमीसारखा श्वास घ्यावा. चालू असलेली गोळी या व्यायामाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नये.