पथकराची ओळ

बाई खिडकीशी आल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि माझा घसा बसायला आला होता. जानेवारी 2024 चा पहिला आठवडा. सकाळपासून मालमत्ता कराचं बिल घेऊन जो येईल त्याचा एकच प्रश्न, "हे बिल भरायचं की नाही?" आणि माझं एकच उत्तर, "थांबा, नवीन येईल." कधी येईल, ते विचारू नका. मलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी मुंबई महापालिकेच्या करनिर्धारण व संकलन खात्यात आहे. विभाग कुठला ते राहू दे. मूळचा मी जकातीचा, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराचा माणूस. मुलुंडच्या नाक्यावर उमेदीची वर्षं गेली. 30 जून 2017 च्या रात्री बारा वाजता जीएसटी लागू झाला आणि आमचं काम संपलं. रात्रभर घरघरत उभ्या राहणाऱ्या ट्रकांच्या रांगा पुढे जायला लागल्या, पावती फाडायला कुणी थांबेना. हायवे इतका मोकळा मी त्याआधी पाहिला नव्हता. जकात म्हणजे वर्षाला सात हजार कोटींच्या घरातलं उत्पन्न, आणि तेही रोजच्या रोज हातात. त्याच्या बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देऊ लागलं. पहिला धनादेश 647 कोटींचा होता आणि दरवर्षी त्यात आठ टक्के वाढ कायद्यानेच ठरवून दिली आहे. आकडा जकातीपेक्षा कमी नाही, हे मान्य. पण स्वतःच्या गल्ल्यात पडणारा पैसा वेगळा आणि महिन्याच्या महिन्याला दुसऱ्याच्या चेकची वाट बघणं वेगळं. आम्हा नाक्यावरच्या लोकांना मग वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकलं. मी मालमत्ता करात आलो.

आता स्वतःचं म्हणावं असं मोठं, खात्रीचं उत्पन्न म्हणजे हा कर. आणि त्या वर्षी नेमकी त्याचीच बिलं अडकली होती. एरवी एप्रिलपासूनची सहामाही आणि ऑक्टोबरपासूनची सहामाही असा हिशोब. 2023 चा डिसेंबर आला तरी बिलांचा पत्ता नव्हता. कारण जुनं आहे. 2010 पासून आपल्याकडे कर भांडवली मूल्यावर लागतो. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, चटईक्षेत्र, इमारतीचं वय, बांधकामाचा प्रकार, वापर राहण्याचा की धंद्याचा, असा गुणाकार. दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचं. 2015 ला सुधारलं, 2020 ची पाळी करोनात गेली. मधल्या काळात हे मूल्य ठरवण्याच्या नियमांपैकी 20, 21 आणि 22 हे तीन उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. जमिनीवर पुढेमागे किती बांधता येईल ते धरून आज कर लावायचा नाही, असा त्याचा मथितार्थ. झालं, सगळी मांडणी पुन्हा. डिसेंबर सरता सरता बिलं निघाली ती पंधरा-वीस टक्के वाढ घेऊन. गदारोळ झाला आणि बिलं मागे घेतली गेली.

तर बाई. सत्तरीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, महापालिकेच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. सोसायटीच्या खजिनदार. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात बिलाची प्रिंट. बिल त्यांनी पेपर तपासावा तसं तपासलं होतं. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलची बरोबरची खूण आणि एका ओळीभोवती लाल गोल.

"मागे घेतलं म्हणजे नक्की काय?" त्यांनी विचारलं. "रद्द की स्थगित?"

मी म्हटलं, "मागे घेतलं, बाई."

"ते मी वाचलं पेपरात. तुम्ही शब्द सांगा."

शब्द माझ्याकडे नव्हता. माझ्याकडे तोंडी सूचना होती.

त्यांची अडचण मात्र अगदी रोकडी होती. इमारतीत सोळा घरं. त्यातली बारा पाचशे चौरस फुटांच्या आतली, म्हणजे 1 जानेवारी 2022 पासून पूर्ण करमाफी. राहिली चार मोठी घरं आणि तळमजल्यावरचे दोन गाळे, एक पिठाची गिरणी आणि एक स्टेशनरीचं दुकान. या सहा जणांकडून बाईंनी बिल आल्या आल्या वाढीव दराने पैसे गोळा केले होते. आता ते सहाही जण रोज जिन्यात गाठून विचारत होते, वाढीचे परत द्या. बाईंचं स्वतःचं घर 480 फुटांचं.

"मला शून्य," त्या म्हणाल्या. "तरी रांगेत मीच. बाकीच्या अकरांना वाटतं, आपला काय संबंध. मीटिंगला येत नाहीत हो. पूर्वी पाणीपट्टीवरून भांडायला तरी यायचे."

हे मला पटलं, आणि हे बोलून दाखवायची आमच्यात सोय नसते. शहरात सुमारे सोळा लाख घरांना ही माफी मिळाली. वर्षाला चारशे कोटींच्या वर पाणी सोडलं. गरिबाला सूट हवीच. पण ज्याच्या नावावर बिलच येत नाही तो पुढे कधी विचारायलाही येत नाही, हे मी खिडकीत बसून बघतो. 2019 मध्ये तर अजून मजा झाली होती. तेव्हा फक्त सर्वसाधारण कर माफ केला, बाकीचे कर तसेच ठेवले. लोक पेढे घेऊन आले आणि बिल बघून शिव्या देत गेले.

कारण मालमत्ता कर हा एक कर नव्हेच. बिलात दहा ओळी असतात. सर्वसाधारण कर, जलकर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथकर. बाईंनी बोट ठेवून एकेक वाचली. शिक्षण उपकरावर थांबल्या. "यातून माझा पगार झाला. त्यामुळे याला माझी ना नाही." मग त्याखालची ओळ. "आणि हा दुसरा शिक्षण?"

"तो राज्याचा. तो आणि रोजगार हमीचा. आम्ही फक्त गोळा करून देतो."

"म्हणजे मी तुमच्याशी भांडतेय ते सगळंच तुमचं नाही."

"नाही."

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मग लाल गोलावर बोट आलं. पथकर.

"हा रस्त्याचा ना? मग आमची गल्ली यातून का होत नाही?" फोल्डरमधून दुसरा कागद निघाला. सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतची ती गल्ली. केबलसाठी चर खणला, तो नीट बुजवला नाही, पेव्हर ब्लॉक खचले. गिरणीवर दळण घेऊन आलेली एक बाई पडून मनगट मोडून बसली. अर्ज केला, त्यावर शेरा मिळाला: सद्यःस्थितीत तरतूद उपलब्ध नाही. "पूर्वी नगरसेवकाकडे जायचो," त्या म्हणाल्या, "तो म्हणायचा, टाकतो माझ्या निधीत. टाकायचा का नाही ते सोडा. पण निदान दार ठोठवायला घर होतं." मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली तेव्हापासून नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकांचा.

मागून रांग ओरडायला लागली होती. मी म्हटलं, बाई, बाकावर बसा, जेवणाच्या सुट्टीत वर विचारून येतो. हे मी का बोललो माहीत नाही. आमच्या खिडकीचं हे कामच नव्हे.

वर परिरक्षण, म्हणजे देखभाल-दुरुस्तीच्या खात्यात इंजिनीयर साइटवर. तिथला कारकून म्हणाला, आमचा अंदाजपत्रकाचा कागद कधीच गेलाय, लेखा खात्यात विचारा. लेखात माझा नाक्यावरचा जुना दोस्त बसतो. डबा उघडा, एका हातात चपाती आणि समोर सुधारित अंदाजाचे तक्ते. दर डिसेंबर-जानेवारीत हे चालतं. चालू वर्षात खरोखर किती खर्च होणार आणि पुढच्या वर्षाला किती हवं, ते मागवून घेतात, आणि मग वरून सांगितलं जातं की यापेक्षा कमी. त्याने गल्ल्या-पदपथांच्या खर्चाच्या शीर्षावर चपातीचं बोट ठेवलं. छापील आकडा खोडून शेजारी पेनाने दुसरा लिहिला होता. निम्म्याच्याही खाली.

"कुणी कापलं?" मी विचारलं.

"तूच," तो म्हणाला.

मला वाटलं गंमत करतोय. पण तो गंमत करत नव्हता. "तुमच्या खात्याची बिलंच गेली नाहीत. जमा नाही तर खर्च कुठून दाखवू? मोठ्या कामांना हात लावायचा नाही, पगार-पेन्शन कापता येत नाही, कर्जाचं, बेस्टचं तसंच. मग कात्री चालते ती असल्या बारक्या शीर्षांवर. ओरडणारं कुणी नसतं." पुढे महिन्याभरात, 2 फेब्रुवारीला अर्थसंकल्प सादर झाला 59,954 कोटींचा, तोवरचा सर्वांत मोठा. त्यातच कबुली होती की मालमत्ता करातून धरलेले 6,000 कोटी येणार नाहीत, 4,500 धरा. एवढ्या मोठ्या अर्थसंकल्पाच्या शहरात बाईंच्या गल्लीला पैसे नाहीत, हे ऐकायला खोटं वाटतं. तक्त्यात मात्र अगदी खरं दिसत होतं.

"पण पथकर वेगळा घेतो ना आपण?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नाक्यावर कालच रुजू झालोय. "अरे, बिलात ओळ वेगळी आहे. तिजोरीत पिशवी वेगळी आहे का? पाणी आणि मलनिःसारण तेवढं अर्थसंकल्पाच्या 'ग' भागात जातं, शाळा 'ई' मध्ये. बाकी रस्ता काय आणि सर्वसाधारण काय, 'अ' मध्ये पडलं की सगळं एकच. मला कुठून कळणार यातला कुठला रुपया तुझ्या बाईचा?"

सात वर्षं या खात्यात काढून मी कधी त्या ओळींचा असा विचारच केला नव्हता. लोकांना आम्ही ऐटीत समजावतो, हा याचा कर, हा त्याचा. निम्म्या ओळी म्हणजे नुसती नावं.

खाली आलो. बाई बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होत्या. शक्य तितकं सरळ सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जो प्रश्न प्रत्येक जण विचारतो तोच विचारला, "बँकेत तुमच्या ऐंशी-नव्वद हजार कोटींच्या ठेवी आहेत म्हणतात?" मी पाठ केलेलं सांगितलं. त्यातला बराच भाग कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन, ठेकेदारांची अनामत, उरलेला सागरी किनारा मार्गासारख्या मोठ्या कामांना बांधलेला. खरं आहे ते. पण माझ्याच तोंडून ते ऐकताना मला ते खात्रीचं वाटलं नाही.

"म्हणजे तुमच्याकडे पैसे आहेत तेव्हा ते दुसऱ्याचे असतात," त्या म्हणाल्या, "आणि माझे घ्यायची वेळ आली की तुमच्याकडे बिल नसतं." मग फोल्डरमधून चेक काढला. सोसायटीचा, जुन्या दराच्या रकमेचा. "हा घ्या. वाढीचं काय ते नंतर बघू. घरात ठेवला की लोक परत मागतात."

मी चेक परत केला. नवीन बिल येईपर्यंत घ्यायचा नाही, अशी आमच्या खिडकीवर सूचना होती. नाक्यावर पैसे चुकवून पळणाऱ्यांच्या मागे धावलेला माणूस मी. समोरून आलेला चेक सरकवून देताना हात जड झाला.

फेब्रुवारी संपता संपता नवी बिलं निघाली, वाढ न करता. भरायची मुदत पुढे 25 मेपर्यंत गेली. बाई मेच्या मध्यात आल्या, गर्दी नसलेली वेळ बघून. चेक दिला, पावती घेतली, दहा ओळी मोजल्या. मग फोल्डरमधून एक अर्ज काढला, मागे बिल टाचलेलं. तीन पोती सिमेंट, रेती, एका गवंड्याची दोन दिवसांची मजुरी. गिरणीवाल्याने वाढीचे पैसे परत घेतले नव्हते, म्हणाला पावसाआधी तेवढा चर तरी बुजवा. माफीवाल्या अकरांपैकी सात जणांनी शंभर-शंभर काढले. हा आकडा त्यांनी मला दोनदा सांगितला. अर्जात विनंती होती की सदर खर्च पथकराच्या रकमेत वळता करून घ्यावा.

"असं होत नाही, बाई. शिवाय रस्त्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही."

"माहीत आहे मला. तुम्ही ऐकलं नाही असं समजा. पण अर्ज आवकला देते. पोच हवी."

आवक खिडकीवरच्या मुलीने न वाचता शिक्का मारला.

तो अर्ज परिरक्षणात गेला. तिथून लेखात, तिथून पुन्हा परिरक्षणात. पाऊस संपल्यावर एक दिवस शिपायाने माझ्या टेबलावर धारिका आणून टाकली. तिन्ही शेरे एकच, संबंधित खात्याने कार्यवाही करावी, अक्षरं तेवढी वेगळी. मागच्या सिमेंटच्या बिलावर गिरणीवाल्याचा पिठाचा अंगठा अजून दिसत होता. मी त्यावर काय शेरा मारला ते इथे लिहीत नाही. निवृत्तीला सहा वर्षं आहेत.