एवढंसं पाऊल

"अहो सर, पोरगं पडलं तर नाही न्हवं? पाऊलच सरकलंय की!" सांगलीत आज जिम्नॅस्टिक्सच्या सरावाच्या हॉलमध्ये एक पालक कळवळून म्हणाले.

उडीनंतर जमिनीवर उतरताना सरकलेल्या त्या पावलाचे ०.१ गुण जातात. पाऊल मोठं पडलं तर ०.३, पोरगं पडलंच तर पूर्ण १.

पॅरिस ऑलिंपिक २०२४ला फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतीत) फिलिपिन्सचा कार्लोस युलो १५.०००, इस्रायलचा आर्टेम डॉल्गोपियात १४.९६६. फरक ०.०३४! एवढंसं पाऊल जास्त पडलं असतं तर सुवर्ण गेलं असतं.

आणि चूक बहुतेक वेळा पायात नसतेच. मागे मारलेल्या सॉल्टोत (हवेतल्या कोलांटीत) फिरकी कमी पडली की छाती खाली झुकते, पाऊल पुढे जातं. जास्त झाली की मागे. चुकीचं मूळ उडीआधीच्या राउंड-ऑफमध्ये (धावत येऊन हात टेकून घेतलेल्या उलटउडीत) शोधायचं. तिथं जोर, उंची मिळाली नाही तर खाली पाय कितीही रोवा, उपयोग नाही.

पोरांना नवा सॉल्टो शिकवायची आपल्याला एवढी घाई का असते?