भाव विचारण्याच्या आधी

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या माणसाला भाजीसाठी लांब जावे लागत नाही. जांभळी नाक्याची बाजारपेठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे, गावदेवीला मंडई आहे आणि संध्याकाळी इमारतीखाली हातगाडी येते ती निराळीच. तरीही गेल्या जूनमध्ये मी रविवारच्या शेतकरी आठवडे बाजारात नेमाने जाऊ लागले, त्याला मुख्य कारण शेवळे ही पावसाळ्यातली रानभाजी. लग्न होऊन मी सीकेपी घरात आले, आणि पहिल्या पावसात शेवळांची कणी हा पदार्थ झाला नाही तर पावसाळा लागला असे या घरात कोणी मानत नाही. इतकी वर्षे ही खरेदी सासूबाईंकडे होती. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचे बाजारात जाणे बंद झाले, आणि शेवळांबरोबर वर्षाचा तांदूळ, मसाला व धान्य पाखडायचे एक नवे सूप अशी यादी त्यांनी माझ्या हाती दिली. देताना एवढेच सांगितले, की भाव मागून विचार, आधी माल कधीचा आहे ते विचार.

या बाजाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. फळे आणि भाजीपाला 2016 साली राज्यात बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला. त्याच सुमारास कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू केले. शेतकऱ्याचा किंवा त्याच्या गटाचा माल वाशीच्या बाजार समितीत न जाता थेट शहरातल्या ग्राहकापर्यंत यावा, हा त्यामागचा विचार होता. जुन्नर-ओतूरकडून निघालेला टेम्पो रात्री माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याणमार्गे पहाटे ठाण्यात पोहोचतो. मुरबाड-शहापूरचे शेतकरी तर त्याहून जवळचे. मात्र बाजाराला शेतकऱ्याचे नाव असले म्हणून तिथला प्रत्येक विक्रेता शेतकरी असतोच असे नाही, आणि माझी पहिली परीक्षा हीच होती.

सकाळी सातच्या सुमारास पोहोचून मी आधी काहीही न घेता पूर्ण चक्कर मारली. तशी सवय असलेली बरी, कारण पहिल्याच टोपलीपाशी पिशवी भरली की पुढे पाय थांबत नाहीत आणि डोळेही थांबत नाहीत. एका मोठ्या मांडवात सफरचंद, बटाटे, आले, ब्रोकोली, भेंडी आणि पालक असे सगळे एकाच ठिकाणी रचलेले होते आणि वर ‘शेतकऱ्याकडून थेट’ अशी पाटी होती. एवढ्या जातींचा माल एका माणसाच्या रानात एकाच महिन्यात निघत नाही. मी त्यांना बटाटा कधी काढला असे विचारले, तेव्हा ‘ताजाच आहे ताई’ एवढेच उत्तर मिळाले. आपल्याकडे खेड-मंचर पट्ट्यातला खरिपाचा बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरकडे निघतो, त्यामुळे जूनमधला बटाटा बहुधा शीतगृहातला आणि बऱ्याचदा परराज्यातला असतो. त्यात वाईट काही नाही, बटाटा शीतगृहात उत्तम राहतो, आणि पुढे मी त्यांच्याकडूनच बटाटे घेतले देखील. फक्त ते व्यापारी म्हणून घेतले आणि मंडईतल्या भावाशी ताडून घेतले. जो माणूस स्वतः पिकवतो त्याच्यापुढे सहसा तीन-चार जिन्नस असतात, त्यांतला एखादा किडका किंवा वेडावाकडाही असतो, आणि ‘कधी’ या प्रश्नावर तो क्षणभरही अडत नाही.

शहापूर तालुक्यातले एक भेंडीवाले असेच होते. मी विचारायच्या आत त्यांनी काल दुपारनंतर तोडलेली भेंडी एका बाजूला आणि त्याच्याही आदल्या दिवशीची दुसऱ्या बाजूला ठेवली होती, आणि दोहोंचा भावही वेगळा होता. त्यांच्याकडे ‘सेंद्रिय’ अशी पाटी नव्हती. शेजारच्या टेबलावर ती होती, म्हणून मी तिथे प्रमाणपत्राची चौकशी केली, तर त्या बाईंनी शांतपणे सांगितले की गटाची पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेती तपासून द्यायच्या सेंद्रिय प्रमाणपत्राची, नोंदणी चालू आहे, अजून पूर्ण झालेली नाही. हे उत्तर मला आवडले. ‘जैविक भारत’ हे चिन्ह पॅकबंद सेंद्रिय मालावर असावे लागते, पण लहान शेतकऱ्याने स्वतः थेट ग्राहकाला विकलेल्या मालाला अन्नसुरक्षेच्या नियमांत सवलत आहे. म्हणजे चिन्ह नसणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे, आणि नुसती पाटी हा खरेपणाचाही नव्हे. अशा वेळी फवारणीविषयी सरळ विचारावे. भेंडीवाल्या दादांनी सांगितले की पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावतात, निंबोळी अर्क मारतात, आणि यंदा अळी आवरेना म्हणून एकदा औषधही मारावे लागले. मी विचारले, ‘मग तोडणी किती दिवसांनी केलीत?’ प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते, आणि ते दिवस पाळून मगच तोडल्याचे त्यांनी औषधाच्या नावासकट सांगितले. ‘आमच्याकडे औषध म्हणजे काय ते माहीतच नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपेक्षा मला या माणसाचा भरवसा जास्त वाटला, आणि तेव्हापासून आमच्या घरी भेंडी त्यांचीच येते.

शेवळे मात्र मांडवात नव्हती. ती घेऊन येणाऱ्या आदिवासी बायका बाजाराच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, पानांवर वाटे मांडून बसतात. कसारा-कर्जतकडच्या पहिल्या गाड्यांनी त्या पाट्या घेऊन येतात आणि नऊ-साडेनऊपर्यंत माल संपवून परततात, त्यामुळे मांडवातली खरेदी बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जावे लागते. जूनच्या त्या दिवसांत त्यांच्यापुढे शेवळे, काकडे ही आंबट रानफळे, टाकळ्याचा कोवळा पाला, भारंगी आणि बांबूचे कोंब असे पाचसहा प्रकार होते. कंटोली अजून आली नव्हती. शेवळ हा जमिनीतल्या सुरणवर्गीय कंदातून पहिल्या पावसाबरोबर वर येणारा फुलाचा दांडा असतो. आधी फूल येते आणि पान मागाहून, म्हणून ही भाजी मिळते ती काही आठवडेच. ज्या शेवळांचे वरचे आवरण घट्ट मिटलेले असते ती कोवळी आणि भाजीला चांगली, उमललेली आणि वास सुटलेली घेऊ नयेत, असे सासूबाईंनी बजावले होते.

मी एका मावशींना शेवळे कधी खणली ते विचारले. ‘काल सांजच्याला, पाऊस थांबला तवा,’ त्या म्हणाल्या, आणि मी दोन वाटे उचलताच त्यांनी माझा हात थांबवून काकडांचा वाटा पुढे सरकवला. ‘बाय, ही घेतल्याबिगर शेवळं नेऊ नको, घशाला खाजंल.’ विक्रीची युक्ती म्हणून हे कुणाला वाटेल, पण ते अक्षरशः खरे आहे. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते तोंडाला आणि घशाला टोचतात, आणि काकडाच्या आंबट रसात शिजवल्याशिवाय ही भाजी खाऊ नये असा इथल्या सर्व स्वयंपाकघरांचा नियम आहे. काकडे न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल वापरतात, पण सासूबाईंच्या मते ती तडजोड झाली. मावशींनी एक दांडा उघडून आतला तळाकडचा पिवळा, दाणेदार भाग नखाने खुडून दाखवला आणि तो टाकून द्यायचा, हाताला तेल लावून चिरायचे, असेही सांगितले. मंडईत मला असे कोणी कधी शिकवलेले नाही.

त्यांच्याशी मी घासाघीस केली नाही. डोंगर चढून खणायचे, रात्री निवडायचे आणि पहाटेची गाडी गाठायची एवढ्या श्रमानंतर वाट्यामागे दहा रुपये कमी करायला लावणे मला तरी जमत नाही. उलट चारदोन शेवळे त्यांनीच वर घातली. एक व्यावहारिक सूचना मात्र करते: त्यांच्याकडे क्यूआर कोडची पाटी क्वचितच दिसते आणि सकाळच्या भवानीला त्यांच्याजवळ सुटे पैसे नसतात, म्हणून दहा-वीसच्या नोटा घरूनच न्याव्यात. तिथेच पळसाच्या पानांवर जांभळेही होती. जांभूळ एका दिवसात मऊ पडते, म्हणून ती मी परतताना, सगळ्यात शेवटी घेतली, आणि पिशवीत न टाकता स्टीलच्या डब्यात ठेवली.

तांदळापाशी सर्वांत जास्त वेळ गेला. ‘वाडा कोलम’ हे नाव ठाणे-पालघरकडच्या घरांत इतके मानाचे आहे की बाजारात त्या नावाने वाट्टेल तो बारीक तांदूळ विकला जातो. 2021 साली या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण उघड्या पोत्यावर मानांकन दिसत नाही, तेव्हा पुन्हा प्रश्नच कामी येतात. वाड्याकडच्या एका गटाच्या मांडवात मी विचारले की भात कधी कापले आणि तांदूळ कधी भरडला. कापणी दिवाळीच्या आगेमागे आणि भरडणी दोन आठवड्यांपूर्वी, असे सांगून त्या ताईंनी दोन पोती दाखवली, एक गेल्या हंगामाचे आणि एक त्याच्या आधीच्या. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो आणि नव्याचा चिकट, हे सगळ्यांना माहीत असते. पण हातसडीच्या तांदळाबाबत नेमके उलटे लक्षात ठेवावे लागते. त्यावरचा कोंडा शाबूत असतो आणि कोंड्यातले तेल खवट होते, म्हणून भात जुने असले तरी चालेल, सडलेला तांदूळ मात्र ताजा हवा. मी मूठभर तांदूळ तळव्यात चोळून वास घेतला आणि वर्षाचा साठा पॉलिशचा जुना तांदूळ घेऊन केला. हातसडीचा मात्र महिन्यापुरताच घेतला, आणि पुढचा पुढच्या महिन्यात भरडून आणावा असे सांगून ठेवले.

मसाल्याचे सोपे होते. आगरी-कोळी मसाले कडक उन्हात, एप्रिल-मेमध्ये मिरच्या वाळवून कुटतात, त्यामुळे जूनमध्ये बचत गटांच्या टेबलावर येतो तो वर्षातला सर्वांत ताजा मसाला. पाकिटावर कुटल्याची तारीख, निव्वळ वजन आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक पाहून मी घेतला. शेजारी कुरडया-सांडगे होते, त्यांना नुसते दाबून पाहिले. पावसाची दमट हवा लागलेली कुरडई मोडताना आवाज करत नाही.

सुपाचे इतके सोपे नव्हते. मोखाड्याकडचे एक कारागीर सुपे, रोवळ्या आणि टोपल्या घेऊन बसले होते. दिसायला सगळीच सुपे सारखी, म्हणून मी काठ आणि विणीचा घट्टपणा पाहू लागले, तेव्हा त्यांनीच हसून सांगितले की वीण कुणीही बघतं, बांबू कोणत्या दिवसांतला ते बघा. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असते, त्याला भुंगा लागतो आणि काही महिन्यांत सुपाखाली पिवळसर भुगा पडू लागतो. थंडीत तोडलेला, पक्व बांबू टिकतो. त्यांचा बांबू पौषातला होता आणि त्याच्या पट्ट्या धुरावर धरलेल्या होत्या, हे सुपाच्या पाठीवरच्या तपकिरी छटेवरून आणि हलक्या धुरकट वासावरून कळत होते. मॉलमध्ये शोभेच्या सुपाला पडते त्याच्या निम्म्याहून कमी किंमत त्यांनी सांगितली आणि मी ती दिली. हाताने केलेल्या वस्तूचा भाव पाडून मागितला तर कारागीर पुढच्या वेळी कोवळ्या बांबूचे सूप आणतो, असे माझे मत आहे, आणि ते त्यांनाही पटलेले दिसले.

वजनाबद्दल थोडेसे. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते आणि तिचा शिक्का काट्यावर असतो. तो पाहायला आणि रिकाम्या काट्यावर शून्य आहे ना हे बघायला कोणाची परवानगी लागत नाही. पिशव्या मी घरच्या कापडी नेल्या होत्या, कारण 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर पातळ पिशवी मागणेही बरे नाही. पावसात पालेभाजीसाठी मलमलची वेगळी पिशवी लागतेच, नाहीतर तिचे पाणी मसाल्याच्या पाकिटांवर उतरते.

घरी आल्यावर मेथी आणि टाकळा वर्तमानपत्रावर पसरला, शेवळे त्याच दुपारी सासूबाईंच्या देखरेखीखाली चिरली, तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला. सूप शेण आणि मेथीच्या पिठाने सारवून उन्हात ठेवावे असे कारागिरांनी सांगितले होते. नौपाड्यात शेण मिळणे अवघड, म्हणून कागदाच्या लगद्यात मेथीचे पीठ कालवून त्याने सारवले आणि वाळायला पावसाने चांगले चार दिवस घेतले. भेंडीवाल्या दादांनी माझा फोन नंबर घेतला होता. त्यांचा निरोप शुक्रवारी आला: पाऊस जास्त झाल्याने या रविवारी भेंडी कमी आहे, दुधी येईल, आणि तो शनिवारी सकाळीच तोडणार आहेत.