किलोम्बेरोच्या खोऱ्यात हिवतापाचे संदेश लिहिताना

2013 साली टांझानियातील हिवताप नियंत्रणाच्या एका प्रकल्पासाठी वर्तनबदल संवादाची सल्लागार म्हणून मी चार महिने काम केले. त्याआधीची माझी सहा वर्षे गडचिरोली जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात गेली होती. त्यामुळे हिवताप, धानशेती आणि मच्छरदाणी यांचा एकमेकांशी असलेला संबंध मला नवा नव्हता. माझ्या करारात कामाचे स्वरूप थोडक्यात असे दिले होते: लोकांना मच्छरदाण्या दिल्या आहेत, तरी ते त्या पुरेशा वापरत नाहीत, म्हणून वापर वाढवणारे आणि ताप आल्यावर आधी रक्ताची चाचणी करून घ्यायला सांगणारे संदेश तयार करावेत. यातले पहिले विधान कितपत खरे आहे हे तपासण्यात माझे निम्मे दिवस गेले, आणि ते तसे गेले याचे मला आजही समाधान आहे.

कामाचे क्षेत्र मोरोगोरो प्रांतातील किलोम्बेरो नदीचे खोरे होते. इफाकारा हे तिथले मुख्य गाव. पावसाळ्यात नदी पसरली की मैलोन्‌मैल पाणी साचते, त्या पाण्यावर भात होतो आणि त्याच पाण्यावर डासही वाढतात. याच खोऱ्यात 1990 च्या दशकाच्या अखेरीस 'झुइया म्बू', म्हणजे 'डास रोखा', या नावाने औषध लावलेल्या मच्छरदाण्या विकल्या गेल्या होत्या, आणि त्या वापरणाऱ्या एक महिना ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या जगण्याच्या शक्यतेत 27 टक्के वाढ झाल्याचे तिथल्या अभ्यासात दिसून आले होते. ज्या गावांनी स्वतःचे पैसे मोजून मच्छरदाण्या घेतल्या, त्या गावांना मच्छरदाणीचे महत्त्व पटलेले नाही असे गृहीत धरायला माझे मन तयार होत नव्हते.

म्हणून मी संदेशांचा मसुदा बाजूला ठेवला आणि फेब्रुवारीत सहा गावांत घरोघर फिरले. सोबत इफाकाऱ्याची एक अनुभवी परिचारिका होती. संभाषण स्वाहिलीत ती करत असे आणि मला नंतर ओळीओळीने समजावून देत असे. गावातल्या बायका मला 'दादा' म्हणत, कारण स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. औषधाच्या दुकानाला तिथे 'दुका ला दावा' म्हणतात, आणि त्यातले दुकान आणि दवा हे दोन्ही शब्द ऐकून पहिल्याच दिवशी परकेपणा बराच कमी झाला.

आम्ही कोणालाही 'मच्छरदाणी वापरता का' असे विचारले नाही, कारण त्या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर प्रत्येक गावाला पाठ असते. काल रात्री कोण कुठे झोपले, ती जागा दाखवा, एवढीच विनंती आम्ही करत होतो. दिसले ते असे. 2010-11 च्या मोठ्या वाटपात मिळालेल्या मच्छरदाण्या चुलीच्या धुराने काळवंडल्या होत्या. काळ्या पडल्या म्हणून वारंवार धुतल्या जात होत्या, उन्हात वाळत घातल्या जात होत्या, आणि खाली खाटेच्या कडेला घासून फाटल्या होत्या. अशा मच्छरदाणीतले डास मारणारे औषध सुमारे वीस धुण्यांपर्यंत आणि साधारण तीन वर्षे टिकावे असा हिशेब असतो; दर आठवड्याला धुतली तर तो हिशेब सहा महिन्यांतच संपतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. भाताच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून दूरच्या शेतात राहायला जातात आणि तिथे, आपल्याकडे धानाची राखण करायला बांधतात तशा, खांबांवर उभारलेल्या उघड्या झोपड्यांत कापणीपर्यंत राहतात. मच्छरदाणी एक आणि घरे दोन. एका बाईने मला शांतपणे विचारले, "आजी नातवंडांना घेऊन गावात आहे, मी तान्ह्याला घेऊन शेतात आहे, तुम्हीच सांगा, ती कुठे बांधू?"

या प्रश्नाला कोणताही संदेश उत्तर देऊ शकत नाही. दोन माणसांमागे एक मच्छरदाणी हे प्रमाण ज्या थोड्या घरांत पूर्ण होते, तिथे बहुतेक सगळे तिच्या आत झोपत होते. आफ्रिकेतील अनेक देशांच्या सर्वेक्षणांतूनही हेच दिसते की, ज्यांच्या वाट्याला मच्छरदाणी येते त्यांतले बहुतेक लोक ती वापरतात. मी तसे सविस्तर लिहून कळवले. प्रकल्पाच्या कार्यालयाचे उत्तर होते की पुरवठा हा संवादाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. मला ते मुळीच मान्य नव्हते. जे माणसाच्या हातात नाही ते न केल्याबद्दल त्यालाच वारंवार उपदेश करणे हे केवळ निरुपयोगी नाही, ते अन्यायाचे आहे, आणि पुढच्या वेळी खरोखर ऐकण्यासारखे काही सांगायला गेलो तर तोच माणूस आपल्याकडे पाठ फिरवतो. तीन आठवडे पत्रव्यवहार आणि दोन बैठका झाल्यावर एवढे ठरले की, शेतझोपडीसाठी वेगळी मच्छरदाणी देण्याची शिफारस अहवालाच्या पहिल्या पानावर राहील, आणि संदेश फक्त लोकांच्या हातात असलेल्या गोष्टींपुरते राहतील: भोक दिसले की लगेच शिवावे, कमी वेळा आणि साध्या साबणाने धुवावे, सावलीत वाळवावे.

चाचणीचा विषय त्याहून अवघड निघाला. 2000 साली अबुजा येथे आफ्रिकेतील राष्ट्रप्रमुखांनी हिवतापाच्या रुग्णांना चोवीस तासांच्या आत उपचार मिळावेत असे उद्दिष्ट ठरवले होते, आणि ताप म्हणजे हिवतापच समजून ताबडतोब औषध द्या, ही शिकवण आयांनी वर्षानुवर्षे ऐकली होती. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संशयित रुग्णाची शक्यतो आधी चाचणी आणि मग उपचार अशी शिफारस केली. म्हणजे आपणच शिकवलेली गोष्ट आपल्यालाच बदलायची होती. संदेश लोकांना ऐकवून पाहण्याच्या पहिल्या फेरीत आम्ही 'प्रत्येक ताप हिवतापाचा नसतो' हे वाक्य वाचून दाखवले, तेव्हा बायकांनी ते मान्य केले आणि लगेच विचारले, "मग माझ्या मुलाला काय झाले आहे?" आमच्या मसुद्यात त्याचे उत्तर नव्हते. दवाखान्यातही ते बहुधा मिळत नव्हते. चाचणीत हिवताप नाही असे आले तरी आरोग्यसेवक 'म्सेटो', म्हणजे 2006 च्या अखेरीपासून तिथे पहिला उपचार म्हणून दिले जाणारे संयुक्त औषध, हातावर ठेवत होते. ईशान्य टांझानियातील रुग्णालयांत झालेल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही चाचणीत हिवताप न आढळलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना हिवतापाचेच औषध दिले गेल्याचे नोंदले आहे. तेव्हा वर्तन बदलायचे ते आधी कोणाचे, हे उघड होते. मी आयांसाठीच्या पत्रकांचा खर्च कमी करून आरोग्यसेवकांसाठी एक तक्ता करायला सुचवले: चाचणीत हिवताप नाही असे आल्यावर मुलाचे श्वास मोजावेत, दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक असतील तर न्यूमोनियाचा विचार करावा, आणि आईला परत कधी यायचे ते स्पष्ट सांगावे.

'देगेदेगे'बद्दल थोडे सांगितले पाहिजे. लहान मुलाला तापात झटके येतात त्याला तिथे हे नाव आहे. ते हिवतापापेक्षा वेगळे दुखणे मानले जाते आणि अशा मुलाला सुई टोचली तर ते दगावते अशी भीती अनेक घरांत आहे. म्हणून मूल आधी 'म्गांगा'कडे, म्हणजे वैदूकडे, नेले जाते. मूळ मसुद्यात या समजुतीला अंधश्रद्धा म्हटले होते. ते सगळे वाक्य मी काढायला लावले. झटके आलेल्या मुलाची आई त्या क्षणी वाद घालण्याच्या स्थितीत नसते. तिच्याच शब्दात बोलावे, म्हणजे 'देगेदेगे हा गंभीर हिवताप असू शकतो, मुलाला आत्ता दवाखान्यात न्या' एवढेच सांगावे, आणि हेच वाक्य वैदूंनाही शिकवावे, असे मी सुचवले.

शेवटच्या महिन्यात आम्ही पद्धतही बदलली. तोवर संदेश इंग्रजीत लिहून मग स्वाहिलीत उतरवले जात. आता माझी सहकारी थेट स्वाहिलीत लिहू लागली आणि मी फक्त आशय तपासत होते. रेडिओसाठीची शेवटची संहिता घेऊन ती त्याच बाईच्या शेतझोपडीवर गेली, जिने मला मच्छरदाणी कुठे बांधू असे विचारले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच दुरुस्ती सांगितली: संहितेतील आई 'घरी' मच्छरदाणी शिवत होती, ती 'शेतावर' शिवताना असावी. तो शब्द बदलला आणि दुसऱ्या दिवशी संहिता ध्वनिमुद्रणाला गेली.