सायकॉलॉजी, क्रिमिनॉलॉजी आणि सोलापूरचं सेटलमेंट

एक्केचाळिसाव्या वर्षी सायकॉलॉजी आणि क्रिमिनॉलॉजीची (म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास) फाउंडेशन डिग्री करायला परत कॉलेजला जातेय म्हणल्यावर माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "म्हणजे आता सीआयडीत जाणार का?" दुसरा मावशीचा, "फाउंडेशन म्हणजे बारावीच ना गं?"

तर मावशी, नाही. इथे इंग्लंडमध्ये फाउंडेशन इयर वेगळं आणि फाउंडेशन डिग्री वेगळी. इयर म्हणजे डिग्रीच्या आधीचं तयारीचं वर्ष. डिग्री म्हणजे २४० क्रेडिट, फुल टाइम केली तर दोन वर्षं, बहुतेकदा गावातल्याच कॉलेजात शिकवतात आणि शिक्का कुठल्यातरी युनिव्हर्सिटीचा असतो. पूर्ण ऑनर्स डिग्रीला ३६० लागतात, म्हणजे उरलेले १२० टॉप-अप करून मिळवायचे. आणि एवढ्यावर कोणी सायकॉलॉजिस्ट होत नाही हेही सांगून टाकते, त्यासाठी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली पूर्ण डिग्री लागते, त्यामुळे टॉप-अप निवडताना ते आधी बघायचं. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं, मी प्रॉस्पेक्टसमधले फोटोच जास्त बघितले होते.

मी दिवसा एका शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, त्यामुळे हा कोर्स पार्ट टाइम, आठवड्याला दोन संध्याकाळी. वर्गात आम्ही चौदा जण, त्यातले निम्मे माझ्या भाचीच्या वयाचे.

पहिल्या टर्मला सायकॉलॉजीच्या तासाला एक माणूस दार उघडून आत आला, सरांच्या टेबलावरचा लॅपटॉप उचलला आणि गेला. दहा सेकंदं असतील नसतील. नाटक होतं अर्थात. मग सरांनी कागद वाटले, त्यात एक प्रश्न, जॅकेटचं हूड डोक्यावर होतं की मागे? मी लिहिलं डोक्यावर. जॅकेटला हूडच नव्हतं! आणि मी ते नुसतं ठोकून दिलं नव्हतं, मला खरंच दिसत होतं ते हूड, करड्या रंगाचं. लॉफ्टस आणि पामर या सायकॉलॉजिस्टांचा १९७४ चा प्रयोग हाच, गाड्यांच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला, प्रश्नात गाड्या "एकमेकींवर आदळल्या" म्हणलं की उत्तर सरासरी ताशी ४०.५ मैल, नुसतं "टेकल्या" म्हणलं की ३१.८. दुसऱ्या एका गटाला अशीच फिल्म दाखवून आठवड्याने विचारलं फुटलेली काच दिसली का, तर "आदळल्या" वाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

पण हे दोन विषय एकत्र शिकताना खरी मजा अशी की त्यांचं आपसात पटत नाही. सायकॉलॉजी विचारते या माणसाच्या डोक्यात काय चाललंय. क्रिमिनॉलॉजी म्हणते थांबा, याला गुन्हेगार ठरवलं कोणी? सोमवारी एक, बुधवारी दुसरं, आणि गुरुवारी मी शाळेत एखाद्या दांडगट पोराकडे बघत उभी की आता नेमकं काय समजायचं.

क्रिमिनॉलॉजीत लोम्ब्रोसो आला. इटालियन डॉक्टर, १८७६ च्या पुस्तकात म्हणतो गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटीवरून कळतं. वर्ग हसला. मी पण हसले, आणि मग हसू थांबलंच, कारण मी सोलापूरची.

आमच्याकडे सेटलमेंट नावाचा भागच आहे. लहानपणी आजी सांगायची, "तिकडं जाऊ नका, तिकडं चोरं राहतात." बास, एवढंच. आम्ही कधी गेलो नाही आणि कधी विचारलंही नाही. क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट इंग्रजांनी १८७१ ला आणला, लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी! आधी उत्तरेत, १९११ नंतर सगळीकडे. जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून नोंदवायची, अंगठे घ्यायचे, हजेरी लावायची, गावाबाहेर जायला पास. सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तेच हे सेटलमेंट, तिथूनच माणसं मिलमध्ये कामाला जायची. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. आजीचं वाक्य मी ऐकलं १९९० च्या आसपास.

बेकर या समाजशास्त्रज्ञाच्या लेबलिंग थिअरीवर (१९६३, शिक्का मारल्यावरच माणूस गुन्हेगार "होतो" वगैरे) दोन हजार शब्दांचा निबंध होता, मी त्यात सेटलमेंट घातलं. वर्गातल्या कोणाला सोलापूर कुठे आहे माहीत नव्हतं, आणि कायदा कुठून आला ते माहीत करून घ्यायला क्रिमिनॉलॉजीच्या मॅडम फार उत्सुक नसतील असं मला उगाच वाटत होतं, तर तसं नव्हतं, त्यांनी निबंध दोनदा वाचला. मार्कही बरे दिले, फक्त आजीच्या वाक्यापाशी समासात लिहिलं होतं, "हे आजीला कोणी सांगितलं?"

रविवारी आईला फोन करून विचारलं.

"कोणी म्हणजे? सगळेच म्हणायचे की."

"पण आजीचं कधी काही चोरीला गेलेलं का?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग आई म्हणाली, "नाही बाई. आपल्या घरी एकदाच चोरी झाली, ती तर भाडेकरूनं केलेली." आणि लगेच, "तू आजीचं नाव नाही ना घातलंस त्यात?"